पावणेदोन फुटांची सावली

माझा अर्धा मार्क दिवाळीच्या आधी, नववीच्या सहामाहीत गेला. मे महिन्यात तो सिंगापूरला जाऊन आला, जूनमध्ये ऑफिसात अडकला आणि जुलैच्या शेवटी मला परत मिळाला. नऊ महिन्यांत माणूस जन्माला येतो, इथे नुसता अर्धा मार्क आला. पण एवढा फिरलेला मार्क अख्ख्या देवळाली प्रवरेत दुसऱ्या कुणाकडे नसेल.

आमच्या शाळेला निळं लोखंडी गेट आहे. त्या गेटच्या आत ज्ञानेश्वर सर माझे भूगोलाचे सर असतात आणि बाहेर ते माझे पप्पा असतात. हा नियम मी पाचवीत गेले तेव्हा त्यांनीच घातला. आत मी त्यांना 'सर' म्हणायचं आणि ते मला 'एकतीस' म्हणणार, कारण माझा हजेरी क्रमांक एकतीस आहे. माझा डबा घरी राहिला तर तो पप्पांच्याच पिशवीतून येतो, पण माझ्यापर्यंत शिपाईमामांच्या हातून पोचतो. 'एकतीसचा डबा,' असं ते वर्गाच्या दारात येऊन सांगतात आणि पप्पा तेव्हा फळ्याकडे तोंड करून मान्सून काढत असतात.

ते नकाशा न बघता काढतात. खडू टेकवला की उचलायचा नाही. कच्छपासून सुरू करून खाली कन्याकुमारीला वळसा घालून बंगालपर्यंत. एकवीस वर्षं त्यांनी असं जग काढलं आणि पुसलं. स्वतः मात्र शाळेच्या सहलीबरोबर हैदराबादच्या पलीकडे गेलेले नाहीत.

तर सहामाहीत प्रश्न आला: भौगोलिक कारण लिहा, विषुववृत्तावर भर दुपारी सावली पडत नाही. उत्तर सरांनी वर्गात लिहून दिलं होतं: तिथे सूर्य वर्षभर डोक्यावर असतो, म्हणून. साऱ्या वर्गाने ते जसंच्या तसं उतरवलं. मी लिहिलं की सूर्य तिथे रोज डोक्यावर नसतो. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये एकेक दिवस असतो. एरवी तो उत्तरेला नाहीतर दक्षिणेला सरकलेला असतो, त्यामुळे तिथेही सावली पडत असणार. हे माझ्या डोक्यातलं नव्हतं, पुस्तकातल्याच पृथ्वीच्या चित्रावरून काढलं होतं. दोनपैकी दीड मार्क मिळाला. कडेला लाल शाईत शेरा होता, 'प्रश्नाशीच भांडू नये.'

त्या अर्ध्या मार्काने माझा पहिला नंबर गेला आणि तो कल्याणला मिळाला. कल्याण स्वभावाने इतका चांगला आहे की त्याचा धड रागसुद्धा करता येत नाही. तो पहिल्या नंबरचे पेढे घेऊन घरी आला आणि मला दोन दिले.

घरी मी विषय काढला तर पप्पा म्हणाले, मार्कांचं बोलणं गेटच्या आत. आणि गेटला दिवाळीच्या सुट्टीचं कुलूप. म्हणजे कोर्ट बंद आणि न्यायाधीश आपल्याच ताटाशेजारी बसून शंकरपाळे खातोय. मग मी माझा मार्ग धरला. घरातही त्यांना 'सर' म्हणायला लागले. 'सर, चहा झालाय.' 'सर, तुमचा टॉवेल.' तीन दिवसांत आई वैतागली.

माझी आई अश्विनी ओव्या म्हणते. आमच्याकडे जातं नाही, त्यामुळे लाईट जाऊन मिक्सर बंद पडला की खलबत्त्यात कुटताना म्हणते. तिच्या आईकडून पन्नासेक ओव्या तिच्याकडे आल्या आणि उरलेल्या ती स्वतः जुळवते. गावातली भारनियमनाची वेळ बदलली की घरातली ओवीची वेळ बदलते. त्या दिवशी तिने खलबत्ता बाजूला ठेवला आणि म्हणाली, "एवढा वाद आहे तर जाऊन बघून या ना एकदा. आणि मलाही न्या. अठरा वर्षं झाली लग्नाला, मी नकाशातसुद्धा कुठे गेले नाही."

हा टोमणा होता. पण पप्पांनी तो प्रश्न समजून घेतला आणि प्रश्न अनिवार्य आहे असंही ठरवलं. रात्रीतून त्यांनी ॲटलास उघडला. विषुववृत्ताच्या सगळ्यात जवळ, शाकाहारी जेवणाची हमी देणारी टूर जाते असं ठिकाण सिंगापूर निघालं. मी म्हटलं, जायचं तर मार्चमध्ये जाऊ. ते म्हणाले, मार्चमध्ये परीक्षा असतात आणि 'वर्षभर' या शब्दात मे महिना येतोच.

पुढचं सगळं या 'वर्षभर'ने केलं.

शिक्षकाला परदेशी जायचं तर परवानगी लागते. पप्पांनी अर्ज लिहिला. प्रवासाचं प्रयोजन या रकान्यात, खोटं लिहायचं नाही म्हणून, त्यांनी लिहिलं: 'सावली न पडणे प्रत्यक्ष पाहणे.' शाळेचे क्लार्क वाल्मिकभाऊ म्हणाले, सर, बदला. सर म्हणाले, असू द्या. अर्ज वर गेला आणि सव्वा महिन्याने परत आला. वर शेरा होता, 'जी वस्तू पडत नाही ती पाहण्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता स्पष्ट करावी.' मला तो शेरा लिहिणाऱ्या माणसाला एकदा भेटायचं आहे. दुसऱ्या अर्जात वाल्मिकभाऊंनी स्वतःच्या हाताने 'कौटुंबिक पर्यटन' लिहिलं आणि तो आठ दिवसांत मंजूर झाला.

तोवर बातमी गावभर झाली होती. गावात बातमी पसरली की फ्लेक्स लागतो. आमच्याकडे वाढदिवस, निवड, बदली, पुनरागमन, कशालाही लागतो. पप्पांच्या माजी विद्यार्थ्यांनी चौकात तो लावला. पप्पा पृथ्वीच्या गोलावर हात ठेवून उभे, मागे विमान आणि खाली अक्षरं: 'विषुववृत्तावर आपली सावली हरवण्यासाठी प्रस्थान करणारे आमचे गुरुवर्य यांना हार्दिक शुभेच्छा.' पप्पा तीन दिवस चौक टाळून बाजारात गेले. पण परतताना गळ्यात हार असायचाच, कारण लोक गल्लीतही गाठायचे. ज्याला त्याला ते सांगायचे की सावली नसलेला फोटो आणतो. आता सावली ही पप्पांची एकट्याची राहिली नव्हती, गावाने ती शब्दात बांधून घेतली होती.

शेजारचे कारभारी काका सगळ्यात जास्त गुंतले. त्यांचा तीन एकर ऊस आहे, आणि जावई दुबईला ड्रायव्हर आहे, म्हणून परदेश या विषयावर अंतिम शब्द त्यांचा असतो. त्यांनी सांगितलं की विमानात पाणी प्यायचं न्हाई, कान फुटतात. ठेचा कपड्याच्या घडीत ठेवायचा, वास दाबतो. परदेशात कुणी नाव विचारलं की आधी आडनाव सांगायचं. घराची चावी, तुळशीला पाणी आणि आमची मांजर हे सगळं त्यांनी आपल्याकडे घेतलं. त्यांच्या बायकोने, लंकाबाई काकूंनी, आईची ओटी भरली आणि तिच्या कानात सांगितलं की तिथून काही आणू नको, फक्त सगळ्यांना मोजून परत आण.

पप्पांनी सामानात तीन वस्तू घेतल्या: टेप, होकायंत्र आणि सुनील गवंड्याचा ओळंबा. काठी अगदी सरळ उभी आहे की नाही ते पाहायला दोरीच्या टोकाचा तो पितळी गोळा हवाच, असं त्यांचं म्हणणं. सुनीलने तो आपल्या आजोबांचा आहे असं सांगून दिला. आणि पप्पांनी तो, हरवायला नको म्हणून, हातातल्या पिशवीत ठेवला.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली आणि यंत्र थांबलं. तिथल्या साहेबांनी तो टोकदार गोळा दोरीला धरून वर उचलला आणि हे काय आहे असं हिंदीत विचारलं. पप्पांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी गणवेशातल्या माणसाने इतक्या मनापासून भूगोल विचारला होता. त्यांनी हिंदीत गुरुत्वाकर्षणापासून सुरुवात केली. मागे दीडशे माणसं उभी. मी तेव्हा शेजारच्या एका कुटुंबाची मुलगी असल्यासारखी उभी राहिले. ओळंबा विमानात गेला नाही. साहेबांनी व्यवस्थित पावती दिली, येताना घेऊन जा म्हणाले. पप्पांचा चेहरा एवढा उतरला की आईने त्यांच्या हातात नुसता एक पेढा ठेवला.

विमान उठलं तेव्हा आई खिडकीशी होती. खाली दिवे लहान होत गेले. इंजिनाच्या आवाजात, पुढ्यात खलबत्ता नसतानाही, ती हळूच म्हणाली:

इमानात चढताना, मागं वळून पाहिली
तुळशीच्या कट्ट्यापाशी माझी सावली राहिली

पप्पा म्हणाले, ओवी चांगली आहे, पण आत्ता काळोख आहे, सावली पडणारच नाही. आईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सिंगापूरबद्दल मी निबंधात बरंच लिहू शकते. तिथे रस्त्यावर कागद नाही, झाडं इतकी हिरवी की कुणी रोज पुसतं की काय वाटावं, आणि हवा अशी ओली की आईचे पापड बॅगेतच मऊ झाले. पण तीन दिवस आम्ही सगळं बघितलं ते घड्याळाच्या आडून. पप्पांचं लक्ष सतरा मेवर होतं. त्या दिवशी दुपारी मोकळा वेळ होता. त्यांनी हॉटेलच्या कागदावर गणित केलं होतं: इथलं घड्याळ एकशेवीस रेखांशाचं, आपण उभे एकशेचारवर, सोळा रेखांश, दर रेखांशाला चार मिनिटं. म्हणजे इथली खरी दुपार एक वाजून काही मिनिटांनी. हे गणित बरोबर होतं. पुढे जे झालं त्यात गणिताची काही चूक नव्हती हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे.

टूरवाल्याने पावणेएकला जेवण सांगितलं होतं. आम्ही जेवण सोडलं. समुद्राकाठच्या एका मोकळ्या फरशीवर पप्पांनी होकायंत्र लावलं. ओळंबा नाही म्हणून काठीचा भरवसा नाही, मग काठी पप्पा स्वतःच झाले. पाय जुळवून, हात मांडीला चिकटवून, राष्ट्रगीताला उभे राहतात तसे. मी टेप घेऊन त्यांच्या पायाशी उकिडवी बसले. आई छत्री घेऊन बाजूला. येणारे जाणारे थांबायला लागले. एका जोडप्याला वाटलं की हा पुतळा होऊन उभा राहणारा कलाकार आहे. त्यांनी पप्पांच्या पायाशी नाणं ठेवलं. पप्पा हलले नाहीत.

बरोबर एक वाजता ऊन लख्ख पडलं. आणि पप्पांच्या बुटापासून निघून, दक्षिणेकडे, फरशीवर एक सावली पडली. टोपीची कडा, खांदे, सगळं ओळखू येण्यासारखं. मी टेप लावली. पावणेदोन फूट.

पप्पांनी जागा बदलली. टोपी काढली. चष्मा काढला. जरा वाकून पाहिलं, मग टाचा उचलून. सावली त्यांच्याबरोबर वाकली आणि उंच झाली. आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखी ती सांगतील ते करत होती, फक्त जात नव्हती.

"किती?" त्यांनी विचारलं.

माझ्या हातात टेप होती आणि टेपवर माझा अर्धा मार्क होता. माझं उत्तर समोर आडवं पडलं होतं, सहामाहीत लिहिलेलं, शब्दन् शब्द खरं. सात महिने मी या क्षणाची वाट पाहत होते. वर पाहिलं तर पप्पा घामाने निथळत होते, पायाशी नाणं होतं आणि चौकातल्या फ्लेक्सवर असतो तो चेहरा कुठेच नव्हता. हा माणूस एकवीस वर्षं खडू न उचलता जग काढत आला होता, आणि जगाने पहिल्याच भेटीत त्याला ओळख दाखवली नव्हती.

"ढग आलाय मध्ये, पप्पा," मी म्हणाले. "नीट दिसत नाही."

आभाळात ढग नव्हता. टेप सर्रकन गुंडाळली गेली. आई जवळ आली आणि अशी उभी राहिली की तिच्या छत्रीची गोल सावली त्यांच्या सावलीवर पडली. मग फरशीवर कुणाचं किती ते कळेनासं झालं.

आम्ही एका बाकावर बसून मऊ पापड आणि ठेचा खाल्ला. पप्पा समुद्राकडे बघत होते. तीन वाजायला आले तेव्हा फोन वाजला. कारभारी काकांचा व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर आधी आमची तुळस दिसली, मग आभाळ, मग काकांची मिशी.

"सर," काका म्हणाले, "माजी सावली गेली."

मागून लंकाबाई काकूंचं रडणं ऐकू येत होतं. हळूहळू उलगडा झाला. काका तुळशीला पाणी घालायला आले होते. सकाळी सावली हुती, चांगली लांबलचक हुती, आता अंगणात उभं राहिलं तर मागं न्हाई, पुढं न्हाई. काकूंच्या माहेरी असं मानतात की ज्याला आपली सावली दिसेना त्याचे दिवस भरत आले. त्यांनी काकांवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या होत्या आणि जावयाला दुबईला फोनही केला होता.

पप्पा उठून उभे राहिले. "किती वाजले तिकडे?"

"साडेबाराला दोन कमी हायेत. पर ते जाऊ द्या, माजं काय ते सांगा."

"बादली उपडी ठेवा अंगणात."

काकांनी ठेवली. फोन खाली धरला. बादलीला सावली नव्हती. मग पप्पांनी नळाचा पाईप उभा धरायला लावला. पाईपलाही नव्हती. मग काकू, मग मांजर. मांजर चार पायांवर असल्यामुळे तिच्या पोटाखाली तेवढी थोडी होती. आमचं अख्खं अंगण उन्हाने पांढरंशुभ्र झालं होतं, आणि त्यात दोन म्हातारी माणसं आणि एक बादली, धुतल्यासारखी, सावलीशिवाय उभी होती.

पप्पांचा आवाज बदलला. तो वर्गातला झाला, पण वर्गात असतो त्यापेक्षा हळू. "काका, काही झालेलं नाही तुम्हाला. सूर्य आज बरोबर आपल्या गावाच्या डोक्यावर आलाय. फिरत फिरत उत्तरेला येतो तो या दिवसांत. आपलं गाव एकोणीस अंशावर. काकूंना सांगा, सावली गेली नाही, पायाखाली आहे."

काकांनी पाय उचलून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांची मिशी पडद्याच्या अगदी जवळ आली.

"म्हंजी सावली इथंच जात हुती?"

"हो."

"मंग तुमी तिकडं कशाला गेले?"

या प्रश्नाचं उत्तर अडीच महिने झाले तरी, एक शिक्षक म्हणून, पप्पांना सापडलेलं नाही. त्या बाकावर मात्र ते हसायला लागले. इतके, की दूरवरून मघाचं ते जोडपं परत आलं आणि त्यांनी आणखी एक नाणं ठेवलं. आई पदराने डोळे पुसत म्हणाली:

दूरदेशी शोधायाला, धनी गेले लई लांब
उंबऱ्याशी ऊन म्हणे, आले मीच, जरा थांब

परतताना ओळंबा पावती दाखवून घेतला. गावात फ्लेक्स तसाच होता, पावसाळी वाऱ्याने एक कोपरा सुटलेला. लोक विचारायचे, सर, हरवली का सावली? वाल्मिकभाऊंनी सुचवलं की फोटो द्या, मोबाईलमध्ये सावली पुसून देतो, दोन मिनिटांचं काम. पप्पा नको म्हणाले.

सोळा जूनला शाळा उघडली. दहावीचा पहिला तास भूगोलाचा. सर आत आले, हजेरी घेतली आणि म्हणाले, "एकतीस, उभी राहा. सहामाहीतलं तुझं उत्तर वाच." मी पाठ म्हटलं. सर म्हणाले, "हे बरोबर आहे. मी दिलेलं चूक होतं. मला माहीत नव्हतं असं नाही. पण एकच वाक्य एकवीस वर्षं लिहून दिलं की ते आपल्यालाच खरं वाटायला लागतं." मग त्यांनी फळ्यावर पृथ्वी काढली. यावेळी खडू दोनदा उचलला.

कल्याणने हात वर केला. "सर, मग माझा अर्धा मार्क जाणार?"

"नाही. तू मी सांगितलं तेच लिहिलंस. ती चूक माझ्या नावावर."

पण मार्क द्यायचा तर निकालाच्या नोंदवहीत दुरुस्ती हवी, आणि वहीवर शिक्का बसलेला. पुन्हा अर्ज. वाल्मिकभाऊंनी बजावलं होतं की कारणाच्या रकान्यात सावली लिहू नका. सरांनी लिहिली. अर्ज परत आला: 'पुरावा जोडावा.'

पुरावा मिळणार होता. सूर्य दक्षिणेकडे परत जाताना जुलैच्या शेवटी आणखी एकदा आमच्या डोक्यावरून जातो. सव्वीस तारखेला सरांनी अख्खी दहावी मैदानावर उभी केली, मुख्याध्यापकांना खुर्ची दिली, सुनीलचा ओळंबा बांबूला बांधला. साडेबारा वाजले. आणि आभाळ असं काळं झालं की सावली कुणाचीच पडेना. शाळेची नाही, बांबूची नाही, गेटची नाही. मुख्याध्यापक म्हणाले, सर, ही तर काल पण नव्हती.

तेव्हा गेटमधून कारभारी काका आले. इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात मोबाईल. पप्पांनी साक्षीला बोलावलं होतं. ते मुख्याध्यापकांसमोर उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "म्या सवता बघितलं. म्हंजी म्या न्हाई बघितली. माजी पन न्हाई आन बादलीची बी न्हाई." मग त्यांनी त्या दुपारी अंगणात काढलेला, जावयाने जपून ठेवायला सांगितलेला फोटो दाखवला. मुख्याध्यापकांनी बादली निरखून पाहिली, मांजर पाहिली आणि वहीवर सही केली. पुराव्याच्या रकान्यात आजही लिहिलेलं आहे: 'श्री. कारभारी, शेजारी.'

सहामाहीचा पहिला नंबर आता दोघांचा आहे. कल्याणने पुन्हा पेढे वाटले.

शाळा सुटल्यावर मी आणि सर गेटपर्यंत मागेपुढे चाललो. निळं गेट ओलांडलं तसे ते थांबले, छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथे, सिंगापूरला, खरंच ढग होता का गं?"

मी रस्त्याकडे बघितलं. "होता, पप्पा."

"हं," ते म्हणाले, आणि माझं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "त्याचा पाव मार्क कापतो."